परगावचा मुक्काम आणि त्याचे नियम

यंदाच्या सहलीत आमच्या तुकडीचा एक मुक्काम साध्याशा लॉजमध्ये पडला. दिवसभराच्या प्रवासाने मुले थकून गेली होती; केव्हा एकदा पाठ टेकतो, असे सर्वांना झाले होते. परंतु टेबलामागे बसलेल्या गृहस्थांनी एक जाडजूड नोंदवही पुढे सरकवली. शिक्षकांची नावे, पूर्ण पत्ता, कोठून आलो, कोठे जाणार, येण्याचे प्रयोजन, हे सारे लिहून, ओळखपत्रे दाखवून आणि मुलांची यादी जोडून खाली सह्या केल्या, तेव्हा कोठे किल्ल्या हाती आल्या. “एका खोलीत चारच जण. पाचवी गादी मिळणार नाही,” असेही त्यांनी बजावले. जिना चढता चढता दहावीतील एका मुलीने मला विचारले, “बाई, आपण पैसे मोजून राहतो. मग आपली ही उलटतपासणी कशाला? आपण काय चोर आहोत?”

प्रश्न रास्त होता. “उद्या सांगते,” असे म्हणून मी त्या रात्री वेळ मारून नेली, कारण खरे सांगायचे तर मलाही त्याचे नीट उत्तर देता आले नसते. घरी परतल्यावर त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, तेच विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडणारी कितीतरी मुले दरवर्षी पुणे, धारवाड, बेंगळुरू अशा ठिकाणी शिक्षणासाठी जातात व परक्या छपराखाली राहू लागतात. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

प्रथम या धंद्याचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक घटकाभर येते आणि जागेपणी येते. उतारू मात्र अनोळखी घरात डोळे मिटून झोपतो. आपले सामान, आपले आरोग्य, किंबहुना आपला जीवच तो रात्रभर दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. उलट बाजूने पाहिले तर मालकही एका अपरिचिताला आपल्या छपराखाली घेत असतो. आणि आजूबाजूच्या गावालाही, हा नवा माणूस कोण, आपल्याबरोबर काय घेऊन आला, अशी चिंता असते. पाहुणा, यजमान आणि गाव या तिघांचा परस्परांवर विश्वास बसावा, यासाठी फार प्राचीन काळापासून नियम होत आले आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेवर एक संपूर्ण प्रकरण आहे. नगराचा मुख्य अधिकारी तो नागरक, आणि काही कुटुंबांमागे नेमलेला हिशेबनीस तो गोप. धर्मशाळा सांभाळणाऱ्याने परपंथीय प्रवाशांना वर कळवूनच उतरू द्यावे, असे तेथे सांगितले आहे. कारागिरांनी कारागिरांना आणि व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांना आपल्याकडे ठेवून घ्यावे, म्हणजे ओळख पटण्यास अडचण नको. घरी कोणी आला अथवा गेला, तर गृहस्थाने ती वर्दी द्यावी; न दिल्यास त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्यावर येई, आणि काहीही न घडले तरी तीन पण दंड होई. त्याच प्रकरणात आगीविषयीचेही नियम आहेत. उन्हाळ्यात भर दुपारी चूल पेटवू नये. घरोघर पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आकडा अशी साधने तयार असावीत. नोंद आणि आग या दोन गोष्टी तेव्हाही एकाच अधिकाऱ्याकडे होत्या, हे विशेष. पुढे आपण पाहणार आहोत की आजही त्या एकमेकींपासून दूर गेलेल्या नाहीत.

आपल्याकडे मुक्कामाची जागा बराच काळ धर्माची गोष्ट मानली गेली, धंद्याची नव्हे. वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधणे, विहीर खोदणे, झाड लावणे ही पुण्यकर्मे होत. आमच्या गोव्याकडे मोठ्या देवस्थानांच्या आवारात भाविकांच्या निवासासाठी अग्रशाळा असतात. तेथे सरकारी कागदापेक्षा रूढीचे बंधन मोठे. कोणी कोठे उतरावे, स्वयंपाक कोठे करावा, दिवे केव्हा मालवावेत, हे सर्वांना ठाऊक असते. जेथे येणारे बहुतेक ओळखीचे अथवा ओळखीच्यांचे ओळखीचे असतात, तेथे एवढे पुरते. परंतु आगगाडी आली, गिरण्या आल्या, शहरे फुगली आणि हजारो अनोळखी माणसे एका रात्रीसाठी एकत्र येऊ लागली. तेव्हा रूढी अपुरी पडली व कायद्याला पुढे यावे लागले.

इंग्लंडमध्ये हे प्रथम ठळकपणे घडले. औद्योगिक शहरांत मजुरांना रात्रीपुरती जागा देणारी स्वस्त उतारघरे निघाली होती. एकेका खोलीत माणसे दाटीने झोपत आणि ज्वराची साथ आली की ती तेथूनच पसरे. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकाराने १८५१ साली या घरांसाठी कायदा झाला. मालकाने नाव नोंदवावे, अधिकाऱ्यांना तपासणी करू द्यावी, कोणी तापाने आजारी पडल्यास कळवावे, अशी त्याची दिशा होती. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तर एप्रिल व ऑक्टोबर या दोन महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात भिंतींना व छताला चुन्याचा हात दिलाच पाहिजे, असे नेमके बंधन आहे. चतुर्थीपूर्वी घर सारवून-रंगवून घेणाऱ्या आपल्या आयाबायांना त्यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की तेथे न केल्यास दंड होता.

आपल्या देशात याची निकड तीर्थक्षेत्री भासली. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकीची साथ उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरली. तिकडे जगन्नाथपुरीला रथयात्रा ऐन पावसाळ्यात येते. यात्रेकरूंना उघड्यावर निजता येत नसे, आणि ज्या घरांत ते उतरत तेथे हवा खेळण्यास पुरेशा खिडक्याही नसत. अशा कोंडवाड्यात पटकीने किती बळी घेतले असतील, याची कल्पनाच करावी. म्हणून बंगाल सरकारने १८७१ साली पुरीच्या उतारगृहांसाठी स्वतंत्र कायदा केला. परवान्यावाचून यात्रेकरू ठेवावयाचे नाहीत, आणि आरोग्य अधिकाऱ्याने जागा पाहून ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा अधिक माणसे घ्यावयाची नाहीत, हे त्यातील मर्म. आमच्या लॉजमधील ‘पाचवी गादी मिळणार नाही’ या शब्दांचे मूळ असे दीडशे वर्षे मागे, पुरीच्या त्या अंधाऱ्या खोल्यांत आहे.

हरिद्वारची साथ ज्या वर्षी आली, त्याच १८६७ साली सरायांचा कायदाही झाला. हा कायदा आजही कुतूहलाने वाचण्याजोगा आहे. सराई चालविणाऱ्याने दंडाधिकाऱ्याकडे नोंद करावी. नोंद होईपर्यंत कोणास उतरू देऊ नये. मागितल्यास चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा. कोणी सांसर्गिक रोगाने आजारी पडल्यास अथवा दगावल्यास लगेच पोलीस ठाण्यात कळवावे. खोल्या, पडव्या, गटारे, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात. फाटक, भिंती, छप्पर यांची डागडुजी करावी. पुरेसे पहारेकरी नेमावेत. दरांचा फलक सर्वांना दिसेल अशा जागी व सांगितलेल्या भाषांत लावावा. आणखी एक कलम मोठे मौजेचे आहे: ज्या झाडावरून अथवा फांदीवरून चोर आत उतरू शकेल, ती तोडून टाकावी! दंडाधिकाऱ्याने मागितल्यास, आदल्या रात्री कोण कोण उतरले याची लेखी माहिती द्यावी लागे. नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला वीस रुपयांपर्यंत दंड होता, आणि तिसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला सराई चालविण्याचा अधिकारच उरत नसे.

या कायद्याविषयी एक गैरसमज अलीकडे फार पसरला आहे. कोणत्याही हॉटेलात जाऊन फुकट पाणी पिण्याचा व शौचालय वापरण्याचा हक्क १८६७ च्या कायद्याने दिला आहे, असा मजकूर अनेकांच्या भ्रमणध्वनीवर येतो आणि पुढे पाठवला जातो. मूळ कायद्यात तसे कलम नाही. पाण्याचा उल्लेख आहे तो विहिरी व तळी स्वच्छ ठेवण्यापुरता. तहानलेल्याला पाणी देणे हा आपला धर्म आहेच. परंतु जे कायद्यात नाही ते कायद्याच्या नावावर खपवू नये. मूळ पुस्तक उघडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने हा विषय राज्यांकडे सोपविला. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत एकतिसावी नोंद उतारगृहे व ती चालविणारे यांचीच आहे. त्यामुळे या बाबतीत प्रत्येक राज्याची रीत थोडी निराळी आहे. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यान्वये हॉटेलचालकाला सरकारदरबारी नाव नोंदवावे लागते. इतरत्र नगरपालिकेचा वा महानगरपालिकेचा परवाना, पोलिसांचे नियम आणि अग्निशमन दलाची संमती अशी निरनिराळी कागदपत्रे लागतात. परदेशी पाहुण्यांची गोष्ट मात्र केंद्राच्या अखत्यारीत येते. त्यांची माहिती सरकारला कळविण्याची जबाबदारी पूर्वी १९३९ च्या कायद्याने यजमानावर होती. आता २०२५ च्या नव्या कायद्याने ती कायम ठेवली आहे.

इतके कागद कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीने अनुभवले. करोलबाग भागातील एका हॉटेलला आग लागली आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. बोळांच्या भिंतींना लाकडी अस्तर होते. त्यामुळे ज्या वाटेने बाहेर पडावयाचे तीच वाट ज्वाळांनी व धुराने भरून गेली. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला परक्या इमारतीचा नकाशा ठाऊक नसतो. स्वतःच्या घरात आपण अंधारातही दार शोधू. परगावी ते जमत नाही. म्हणूनच दुसरा जिना, मोकळी वाट, धूर निघून जाईल अशी खिडकी या गोष्टी उतारगृहात घरापेक्षाही अधिक महत्त्वाच्या. हॉटेल झकपक दिसावे म्हणून लावलेले लाकूड तेथे सरण ठरले.

लॉज व हॉटेले यांच्यावर निदान कोणाची तरी नजर असते. विद्यार्थी व नोकरदार जेथे महिनोन्‌महिने राहतात, त्या ‘पीजी’ म्हणविणाऱ्या जागांकडे पुष्कळ वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बेंगळुरूमध्ये २०२४ च्या जुलै महिन्यात अशाच एका ठिकाणी एका तरुणीची हत्या झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये तेथील महानगरपालिकेने नियम घालून दिले. प्रत्येक राहणाऱ्याला किमान ७० चौरस फूट जागा, माणशी १३५ लिटर पाणी, येण्याजाण्याच्या वाटांवर कॅमेरे, चोवीस तास एक रखवालदार, स्वयंपाकघर असल्यास अन्नसुरक्षेचा परवाना, आगीपासून संरक्षण, अशा त्या अटी आहेत. ७० चौरस फूट म्हणजे किती? दहा फूट लांब आणि सात फूट रुंद. एक खाट, एक टेबल आणि फिरण्यापुरती जागा. दहा बाय चौदाच्या खोलीत चार खाटा दिसल्या, तर गणित तेथल्या तेथे करून पाहावे.

नियम नेहमी वरूनच यावे लागतात असे मात्र नाही. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावागावांनी आपापल्या ‘कुडी’ चालविल्या. जहाजावर नोकरी शोधणारा अथवा मुंबईत पहिल्यांदाच पाऊल टाकणारा गावचा मुलगा आपली ट्रंक घेऊन तेथे उतरे आणि अगदी थोड्या पैशांत राही. धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत अशा अनेक कुडी एकाच छपराखाली होत्या. कारभार सभासदांनी निवडलेल्या मंडळींकडे असे. संध्याकाळची प्रार्थना, स्वच्छता, रात्री परतण्याची वेळ यांचे नियम सभासदच ठरवीत व पाळीत. गावाची अब्रू परमुलखात सांभाळावयाची, ही त्यामागची भावना. राहणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम अधिक मनापासून पाळले जातात, हा धडा आपल्या वसतिगृहांनी घेण्यासारखा आहे.

येथवर नियमांची उजळ बाजू पाहिली. परंतु नोंदवहीची एक काळी बाजूही आहे. ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेले. एवढा विद्वान अधिकारी. पण अस्पृश्य म्हणून त्यांना उतरावयास जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी उतारगृहात गेले. तेथे केवळ पारशांनाच प्रवेश होता. इतर कोणी उतारू नसल्यामुळे रखवालदार तयार झाला, पण नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी वर चढून आले व त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. परिचितांकडे आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत बसून काही तास काढल्यावर त्यांनी मुंबईची गाडी पकडली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ज्या देशात विद्वान माणसाला एका रात्रीच्या छपरासाठी आपले नाव लपवावे लागले, त्या देशातील नोंदवह्या खऱ्या कशा असणार? खरे नाव मागण्याचा अधिकार, खऱ्या नावाच्या माणसाला जागा देणाऱ्यालाच शोभतो.

त्याच डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेली राज्यघटना १९५० साली अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला हॉटेलात वा सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करता येत नाही, असे स्पष्ट केले. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचे दार बंद करणे हा गुन्हा ठरविला. म्हणजे आजच्या नियमांना दोन पाय आहेत: उतारूने आपली खरी ओळख द्यावी, आणि ती ओळख पाहून मालकाने त्याला दारातून परत पाठवू नये. एक पाय लंगडा झाला की दुसराही डगमगतो. जागा रिकामी असूनही आडनाव ऐकताच ‘खोली भरली’ असे सांगणारी माणसे आजही भेटतात. अशा वेळी आपण मुकाट्याने आत शिरतो की बाहेर उभ्या माणसाच्या बाजूने बोलतो, यावर आपले शिक्षण मोजले जाईल.

आता थोडे व्यवहाराचे. परगावी राहण्याचा प्रसंग आला, तर पालकांनी व विद्यार्थ्यांनी काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. परवाना भिंतीवर लावलेला आहे काय? दर लिहिलेले आहेत काय, आणि पैशाची पावती मिळते काय? अनामत रक्कम केव्हा व कशी परत मिळेल, हे कागदावर आहे काय? खोलीपासून जिना किती पावलांवर आहे, दुसरी वाट कोठे आहे, त्या वाटेवर कुलूप अथवा अडगळ तर नाही? खिडकीचे गज उघडणारे आहेत की कायमचे बसविलेले? पाण्याची टाकी केव्हा धुतली? हे विचारण्यात संकोच कसला? नोंदवहीत मात्र आपणही खरे व पूर्ण लिहावे, आणि गुपचूप एखादा मित्र रात्री आणून पाचवी गादी अंथरू नये. मालकाने नियम मोडला तर आपण त्याला नावे ठेवतो. उतारूने मोडलेला नियम तितकाच घातक असतो.

त्या मुलीला मी काय सांगितले, ते आता लिहिते. शाळा सुरू झाल्यावर मी तिला म्हटले, “त्या रात्री लॉजला आग लागली असती, तर बाहेर आलेल्या माणसांची मोजदाद कशावरून झाली असती? कोणत्या खोलीत कोण राहिले, कोणाच्या घरी निरोप पाठवायचा, हे कोणी सांगितले असते?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “त्या वहीवरून.” मग तिनेच पुढे विचारले, “पण बाई, त्या लॉजला दुसरा जिना होता का?” मी आठवून पाहिले. आम्ही सर्वांनी नोंदवहीत सह्या केल्या होत्या, पण दुसरा जिना आहे की नाही हे पाहण्याचे आम्हा शिक्षकांपैकी एकालाही सुचले नव्हते.

पुढच्या वर्षीच्या सहलीत मुलांच्या हाती किल्ल्या देण्यापूर्वी ते आम्ही पाहणार आहोत, आणि ते काम त्या मुलीच्या धाकट्या भावाकडे सोपवायचे असे ठरले आहे.